चहाडीची नळी

इस्पितळाच्या धुलाईघरात त्याला त्याच्या नावाने कोणी हाक मारली असेल तर शपथ. तो तिथल्या वाफेचा इनचार्ज होता, बॉयलरपासून शेवटच्या इस्त्रीपर्यंतची एकूण एक नळी त्याच्या ताब्यात होती, आणि तरी रोलरवर चादरी घालणाऱ्या बायकांपासून वॉर्डातून गाठोडी आणणाऱ्या माणसांपर्यंत सगळे त्याला जावईच म्हणत. "जावई, इकडे गळतंय हो!" "सरका गं, जावई आले, मान द्या!" कारण उघड होतं. बॉयलरचे मिस्त्री त्याचे सासरे. आधी त्यांनी त्याला पाना धरायला शिकवलं, मग मुलगी दिली. "लोक भोपळासुद्धा टिचकी मारून घेतात," मिस्त्री सांगत, "मी तर जावई चांगला वर्षानुवर्षं वाजवून घेतलाय."

मिस्त्रींचा एक शिरस्ता होता. धुलाईघरात पाऊल टाकलं की जावयाला 'अरे', घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की 'अहो जावईबापू'. दुपारी ज्या तोंडाने "गाढवा, पाना उलटा धरलास" म्हणायचं, संध्याकाळी त्याच तोंडाने "बापू, तुम्ही आधी हात धुऊन घ्या". जावयाच्या बायकोला, म्हणजे मिस्त्रींच्या मुलीला, ह्याची भारी गंमत वाटे. रस्त्यात नेमक्या कुठल्या खांबापाशी 'अरे'चं 'अहो' होतं, असं ती नवऱ्याला विचारायची.

तर एके दिवशी बॉयलरपाशी उभे असताना, चारचौघांत, मिस्त्री म्हणाले, "अहो जावईबापू, जरा तो पाना देता का?"

सगळे हसले. जावईही हसला. मिस्त्री नाही हसले. आपण कुठे आहोत ते शोधत असल्यासारखे ते भिंतीकडे बघत राहिले.

आता त्या भिंतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच घडलं. भिंतीच्या एका अंगाला बॉयलर, दुसऱ्या अंगाला धुलाईघर. बॉयलरमधून वाफ निघते ती दहा किलो प्रेशरची. चादरी वाळवणाऱ्या रोलरला आणि इस्त्रीच्या प्रेसना लागते तीन किलोची. दहाची तीन करायची कामगिरी रेग्युलेटरकडे, आणि तो बसवलेला होता धुलाईघराच्या बाजूला, भिंतीला लागून. नवीन माणूस कामावर आला की मिस्त्री त्याला तिथे उभं करत आणि पाढे म्हटल्यासारखं सांगत:

"हा खालचा मोठा व्हॉल्व्ह दिसतो? हा पैलवान. अंगात रग, डोक्यात काही नाही. ह्याच्या डोक्यावर बसलाय तो लहानगा, पायलट. तो मुकादम. मुकादम जेवढं सोडेल तेवढंच पैलवानाने उघडायचं. आणि ही करंगळीएवढी नळी? ही पुढच्या लाइनला जोडलीय. पुढे प्रेशर किती झालं ते परत येऊन मुकादमाच्या कानात सांगते. ही चहाडखोर. तिने सांगितलं, तीन झाले, की मुकादम हात आखडतो आणि पैलवान मिटतो. तिने सांगितलं, कमी पडलं, की मुकादम सैल सोडतो आणि पैलवान उघडतो. रोलर एक चालू दे, नाहीतर सगळे चालू दे, काटा तिनावरून हलायचा नाही."

"आणि ती नळीच बंद पडली तर?" नवीन माणूस हटकून विचारायचा.

"मग मुकादमाला वाटतं, पुढे ठणठणाट आहे. तो आपला ओरडत सुटतो, सोड, अजून सोड! पैलवान बिचारा हुकमाचा ताबेदार, तो सताड उघडतो. मागची दहा किलो तशीच पुढे. वर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, तो उघडून वाफ छपराबाहेर फेकेल आणि इमारत वाचवेल. पण सेफ्टी व्हॉल्व्ह इमारतीसाठी असतो बाबा. त्याच्यासमोर उभं राहणाऱ्याने आपली काळजी आपणच घ्यायची."

मुकादमाचा जीव लहान, त्यात कणभर गंज अडकला तरी तो बिघडतो. म्हणून दर आठवड्याला दुपारी रोलर थांबवून पायलट खोलायचा आणि त्याची जाळी धुवायची. त्याआधी भिंतीपलीकडचं मोठं चाक फिरवून बॉयलरची वाफ अडवायची, आणि चहाडीच्या नळीवरचा छोटा कॉक आडवा करून तीही बंद करायची, म्हणजे पुढे उरलेली वाफ उलटी येऊन हातावर बसत नाही. काम झालं की सगळं उलट क्रमाने. आधी कॉक उभा, म्हणजे नळी चालू. मग चाक. चाकावरच्याला भिंतीआडून काहीच दिसत नाही, ना कॉक ना काटा, त्यामुळे कॉक उघडणाऱ्याने हाक मारायची, "चहाडी चालू!" आणि ती ऐकल्याशिवाय चाकावरच्याने चाकाला बोट लावायचं नाही. मिस्त्रींचा दंडक असा की हाक मारताना हात कॉकवर हवा. नुसती हाक चालायची नाही, नुसता हातही चालायचा नाही.

ही हाक आली की चादरींच्या घड्या घालत बसलेल्या बायका एका सुरात उत्तर द्यायच्या, "आमची कधी बंद होती!" त्यांतली मोठी होती रोलरवरची मावशी. जिभेची तिखट, कामाला वाघ. मिस्त्रींची आणि तिची जुनी खडाजंगी. "मिस्त्री, तुमची नळी एक दिवस बंद पडेल, पण माझं तोंड नाही," असं ती म्हणायची आणि मिस्त्री कपाळावर हात मारून घ्यायचे.

त्या 'जावईबापू'नंतर एकेक गोष्ट दिसायला लागली. मिस्त्री एकच प्रश्न तीनदा विचारायचे. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत पाना निघाला. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी येताना ते वाट चुकले आणि शेजाऱ्याने हाताला धरून आणलं, तर त्यालाच म्हणाले, "बरं झालं भेटलात, मी तुम्हालाच सोडायला निघालो होतो." डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. औषध दिलं, पण आशा दिली नाही. एवढं मात्र म्हणाले की जे हाताला माहीत आहे ते सगळ्यात शेवटी जातं, तेव्हा शक्य तोवर कामात राहू द्या.

बायकोने ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं.

"बाबांना घरी बसवू नका हं. घरी बसले की संपले."

"अगं, ते वाफेचं काम आहे. वाटाणे सोलायचं नाही."

"तुम्ही आहात ना बरोबर?"

"आहे," म्हणून त्याने शब्द दिला, आणि बरोबर होताच तो. आणि खरं सांगायचं तर प्रश्न फक्त बायकोचा नव्हता. ज्या माणसाने आपल्याला माणसात आणलं, त्याच्यासमोर उभं राहून "मिस्त्री, उद्यापासून येऊ नका" म्हणायची त्याची छातीच नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत. मिस्त्री तसे केव्हाच निवृत्त झाले होते, ऑफिसने मानाने येऊ दिलं होतं. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द त्याने वर्षभर गिळला. त्याऐवजी त्याने काय केलं, तर चाकावर दुसऱ्या कोणाला उभं करायचं सोडलं आणि स्वतः उभा राहायला लागला. मनाशी म्हणायचा, मी आहे ना, मी सावकाश उघडतो. अहो, सावकाश उघडून काय होणार होतं? नळीचा कॉक होता भिंतीच्या पलीकडे. पण माणूस स्वतःला फसवायला लागला की त्याला कोण अडवणार!

ज्या दिवशी व्हायचं ते झालं, त्या दिवशी बाहेर मळभ होतं आणि धुलाईघरातले दिवे दुपारीच लावले होते. पायलट खोलून, जाळी धुऊन, मिस्त्रींनी तो नेहमीच्याच सफाईने परत बसवला. जावयाने समोर उभं राहून एकेक बोल्ट आवळताना पाहिला. कुठे हात अडखळला नाही. त्याला बरंही वाटलं. डॉक्टर खरं बोलले, असं मनात म्हणत तो भिंतीला वळसा घालून चाकापाशी गेला. लाइनीत साचलेलं पाणी काढून टाकलं आणि उभा राहिला.

"चहाडी चालू!" मिस्त्रींचा आवाज. खणखणीत, नेहमीसारखा.

"आमची कधी बंद होती!" बायका. मागोमाग हशा.

त्याने चाक अर्धा फेरा फिरवलं. थांबला. नळ्या तापताना कुरकुरतात तशा कुरकुरल्या. अजून अर्धा. मग पूर्ण.

मिस्त्रींची हाक त्यांच्या तोंडाने मारली होती. हाताने कॉक उघडलाच नव्हता. इतक्या वर्षांत ती हाक इतकी मुरली होती की शेवटचा बोल्ट आवळला की ती आपोआप बाहेर पडायची. आणि समोर प्रेशरचा काटा होता, त्याच्यासमोर ते फडक्याला हात पुसत उभे होते. काटा तिनावर आला, तीन ओलांडला, पुढे निघाला. त्यांनी तो पाहिला. नुसता पाहिला. तो कुठे थांबायला हवा, हेच त्या घटकेला त्यांच्याजवळ नव्हतं.

छपरावर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच माहीत, जनावर कापताना जसं ओरडतं तसा. जावयाने चाक उलट फिरवायला सुरुवात केली. सेफ्टी व्हॉल्व्हने आपलं काम चोख केलं, मोठ्या नळ्या वाचल्या, रोलर वाचले. पण कडेच्या प्रेसला जाणारी लवचिक नळी जुनी होती आणि तेवढा दणकाही तिला सोसला नाही. ती क्लॅम्पपाशी फुटली.

खरी वाफ डोळ्याला दिसत नाही. पांढरा ढग दिसतो तो पुढे, ती गार व्हायला लागल्यावर. फुटल्या जागेपाशी हवा अगदी स्वच्छ होती. मावशीला ढग दिसला तो हातभर पलीकडे, आणि तिने प्रेसवरची चादर ओढून घ्यायला अलीकडून, स्वच्छ जागेतून, हात घातला.

ती ओरडली नाही. बाकीच्या ओरडल्या.

जावई भिंतीला वळसा घालून आला तेव्हा धुलाईघर धुक्याने भरलं होतं. मिस्त्री रेग्युलेटरपाशीच होते. "काय झालं रे? कोणाला लागलं?" ते घाबऱ्याघुबऱ्या विचारत होते. त्याची नजर कॉकवर गेली. आडवा. म्हणजे बंद. त्याने हात पुढे केला आणि तो उभा केला. का केला, हे त्याला तेव्हा विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. मग तो मावशीकडे धावला. तिचा हात नळाखाली धरून, ती सोड सोड म्हणत असताना बराच वेळ धरून ठेवला आणि मग तिला घेऊन बोळातून इस्पितळाच्या दुसऱ्या अंगाला, जळितांच्या वॉर्डात नेलं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सुटली होती. वाटेत मावशी फक्त एवढंच बोलली, "चादरी खराब झाल्या का रे?"

ऑफिसात त्याने सांगितलं की चहाडीच्या नळीत कचरा अडकला. ऑफिसने मान डोलावली आणि सगळ्या लवचिक नळ्या बदलायला सांगितल्या. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. कचरा अडकतोच.

संध्याकाळी त्याने बायकोला खरं सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. पदराने तोंड झाकून रडली. आपले दात, आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

"आता त्यांना आणू नका तिथे," ती म्हणाली.

"नाही आणत. पण सांगू काय? ते विचारतील का म्हणून."

"काहीही सांगा. पण मावशीचा हात त्यांच्यामुळे भाजला हे सांगू नका. अहो, सगळं विसरतील आणि नेमकं तेवढंच धरून बसतील. मग जगायचे नाहीत ते. मला शब्द द्या."

त्याने शब्द दिला. एका वर्षात तिला दिलेला हा दुसरा शब्द, आणि पहिल्याचं काय झालं होतं ते बोळापलीकडच्या वॉर्डात झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो काय बोलायचं ते घोकत धुलाईघरात शिरला. तुमचं वय झालं, ऑफिसचा नवीन नियम आलाय, वगैरे. बघतो तर मिस्त्री त्याच्या आधी येऊन बसलेले. जमिनीवर फडकं पसरलेलं, त्यावर पायलट सुटा करून मांडलेला, चहाडीची नळी काढून शेजारी ठेवलेली. मिस्त्रींचा चेहरा उजळ होता. असा चेहरा त्याने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. आजारात असे काही तास येतात, दिवा मोठा झाल्यासारखे.

"ये. बस," मिस्त्री म्हणाले. "ऑफिसला तू कचरा अडकल्याचं सांगितलंस?"

"हो."

"कुठाय कचरा?" त्यांनी नळी त्याच्या हातात दिली. "फुंकून बघ."

त्याने फुंकली. आरपार.

"उजेडाकडे धर. दिसतो कुठे कण? जाळी बघ, सीट बघ, मधलं बारीक भोक बघ. सगळं लख्ख. मुकादमाचं काही चुकलेलं नाही, पैलवानाचं नाही, नळीचं नाही. मग पुढचं प्रेशर त्याला कळलं का नाही?"

जावयाने नळी फडक्यावर ठेवली.

"कॉक बंद होता म्हणून. दुसरं कारणच नाही. आणि मी पोचलो तेव्हा कॉक उभा होता. म्हणजे कोणीतरी तो बंद ठेवला, हाक मारली, आणि बाईचा हात भाजल्यावर गुपचूप उघडून ठेवला." मिस्त्रींचा आवाज चढला. "पहिली चूक मी समजू शकतो रे. माणूस आहे. पण ते लपवणं? पुढच्या आठवड्यात तोच माणूस परत हाक मारणार आणि लोक विश्वास ठेवणार!"

"मिस्त्री, काल तुम्ही..." त्याच्या तोंडून निघालं.

"मी बाहेर होतो. पाण्याच्या टाकीपाशी." ते ठामपणे म्हणाले. कालचा दिवस त्यांच्याजवळ नव्हता, तर त्यांनी दुसऱ्याच कुठल्या तरी दिवसाचा तुकडा आणून तिथे बसवला होता. "आवाज ऐकून धावत आलो. इथे होतास तू. नळीवर कोण होतं?"

बघा कशी वेळ आली. ह्याच माणसाने आयुष्यभर शिकवलं की यंत्र खोटं बोलत नाही, शेवटी कारण सापडतंच. आणि ते कारण मिस्त्री हातात धरून बसले होते, फक्त त्यांना स्वतःचा चेहरा त्यात दिसत नव्हता. "तुम्हीच होता" असं म्हणायला जावयाला एक श्वास पुरला असता. मग त्या उजळ चेहऱ्याचं काय झालं असतं, ते त्याला दिसलं. आणि एखाद्या हेल्परचं नाव घ्यावं, तर मिस्त्री त्या गरिबाला इथून हाकलल्याशिवाय राहिले नसते.

"मी होतो," तो म्हणाला.

मिस्त्रींनी हातातली जाळी खाली ठेवली.

"कॉक तू बंद ठेवलास?"

"हो."

"आणि मागून उघडलास?"

"हो." हे तरी खरं होतं.

"ऑफिसला जाऊन सांगशील?"

तो काही बोलला नाही. सांगितलं असतं तर पुढची चौकशी, जाबजबाब, बायकांची साक्ष, हाक कोणाची होती ते. मिस्त्रींनी त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांच्यापुरता लावला. सांगतो कशाला, पोटाचा प्रश्न आहे. भित्रा.

"मी तुला मुलगी दिली," ते हळू म्हणाले. मग त्यांनी पायलट परत जुळवला. सगळा, एकही बोल्ट न चुकता. नळी लावली. कॉक उभा केला, दोनदा हात लावून पाहिला. फडकं झटकून घडी करून ठेवलं. "ह्या छपराखाली तू असेपर्यंत मी पाय ठेवणार नाही. लबाडाबरोबर वाफेचं काम करायचं नसतं."

आणि ते गेले. जे जावयाला वर्षभर बोलून करता आलं नव्हतं, ते न बोलून झालं. घरी जाताना वाट चुकू नये म्हणून तो बरंच अंतर ठेवून त्यांच्या मागून चालत गेला. ते चुकले नाहीत.

पुढचे महिने कसे गेले ते लांबवण्यात अर्थ नाही. मिस्त्री एकेक करून सगळं सोडत गेले. मुलीला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागले, मग तीही बंद झाली. नातीला विचारत, तू कोणाची गं? अंघोळीचा नळ कुठल्या बाजूला फिरतो ते गेलं, आणि ज्याने आयुष्यभर व्हॉल्व्ह फिरवले तो माणूस नळाकडे बघत उघडा, कुडकुडत उभा राहायचा. पण जावई घरात आला की त्यांची मान वर व्हायची. त्याचं नाव गेलं होतं, नातं गेलं होतं, तो कोण हे गेलं होतं. "ह्याने बाईला भाजलं," ते समोर जो असेल त्याला सांगायचे. "आणि लपवलं." बायको म्हणाली होती ना, नेमकं तेवढंच धरून बसतील. धरलं त्यांनी, फक्त माणूस बदलून.

एकदा तिलाच असह्य झालं. "बाबा, त्यांनी काही नाही केलं," असं ती बोलून गेली. जावयाने तिला डोळ्यांनी गप्प केलं. त्यानंतर ती तो विषय निघाला की आत निघून जायची. एखादी गोष्ट रोज ऐकली की ती थोडीथोडी खरी वाटायला लागते. तिलाही वाटत असेल का, हा विचार त्याच्या मनात यायचा आणि तो तिला विचारायचा नाही.

मावशी आली ती अचानक, सुट्टीच्या दिवशी. हात बरा झाला होता, पण कातडी आखडल्यामुळे कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं. रोलरवरून तिला काढून गाठोडी मोजायला बसवलं होतं. मिस्त्रींना बघायला आले, म्हणाली. जावयाने खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीशी स्टुलावर बसला.

मिस्त्रींनी तिला ओळखलं नाही. पण तिचा हात पाहिला. त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, त्या चकचकीत, सुरकुतलेल्या कातडीवरून अंगठा फिरवला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"वाफेचं आहे हे," ते म्हणाले. "कोणी केलं मला माहीत आहे. तो बघ तिथे बसलाय. कॉक बंद ठेवून हाक मारली त्याने."

मावशीने जावयाकडे पाहिलं. त्या दिवशी ती भिंतीच्या धुलाईघराकडच्या बाजूला होती, आणि कोणाच्या हाकेला उत्तर देऊन आपण हसलो, हे ती कसं विसरेल? तिचं तोंड उघडलं. जावयाने मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून.

"माफी माग तिची!" मिस्त्री कडाडले. इतका आवाज त्यांच्यात उरला असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. आतून बायको दारात आली. "ऊठ! माफी माग!"

तो उठला. मावशीसमोर जाऊन उभा राहिला. आजवर सासऱ्यांसाठी खोटं बोलत आलो, तसं आणखी एकदा बोलायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"माझी चूक झाली, मावशी," तो म्हणाला. आणि म्हणताना त्याला कळलं, ह्यात खोटं काहीच नव्हतं.

मावशीने विचारलं, "ह्यांचं असं झालंय, हे तुला कधीपासून माहीत होतं?"

तो टाळू शकला असता. "वर्षभर आधीपासून."

"वर्षभर." तिने हात मिस्त्रींच्या हातांतून हळूच सोडवून घेतला आणि बाही खाली ओढली. "आणि तू चाक उघडत होतास. आम्ही तिथे बसलेल्या असताना."

"हो."

"मग मी नाही माफ करायची, जावई. त्यांना केलं असतं. तुला नाही."

"शाब्बास!" मिस्त्री म्हणाले. त्यांना त्या बोलण्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्यांचा चेहरा निवला, जसा काही एक मोठा न्याय त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. त्यांनी दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलीला, ती कोण हे माहीत नसताना, हात केला. "अहो बाई, जरा चहा टाका. हिला द्या, मला द्या. त्याला नको."

बायको तिथेच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे न बघता ती आत गेली. आतून स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, भांड्याचा आला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोनच कप होते.